भिंतीवरच्या बाई

भिंतीवर कोंबडी काढायची तर सुरुवात कुठून करावी, हे मला आजही ठाऊक नाही. मामा म्हणाले होते, पायापासून. ‘मानूस बी पायावरच उभा राह्यते,’ हे त्यांचं कारण. मी पायापासून काढली. मग ते म्हणाले, ‘तसं नाई.’

मामांचं प्रत्येक बोलणं ‘तसं नाई’ने सुरू व्हायचं. आज ऊन फार आहे म्हटलं, तर ‘तसं नाई, काल जादा व्हतं.’ बरं, काल जास्त होतं म्हटलं, तर ‘तसं नाई, कालचं सोसे.’ त्यांच्या घरी मी तीन वर्षं काढली. त्या तीन वर्षांत माझं एक तरी म्हणणं त्यांनी सरळ मान्य केल्याचं मला आठवत नाही. आता मी मुंबईला कॉलेजात शिकतो. इथली मुलं जेवतानासुद्धा वाद घालतात. मी त्यांच्यात गप्प बसतो, म्हणून ती मला भित्रा समजतात. असेनही. पण मी इथे येण्याआधीच वाद घालून दमलेलो आहे, हे त्यांना कसं सांगावं ते कळत नाही.

ते माझे खरे मामा नव्हते. माझी आई वलगावची आणि ते मूळचे वलगावचे माळी, एवढ्या ओळखीवर वडिलांनी मला नांदगाव खंडेश्वराहून बैलगाडीत घालून अमरावतीला आणलं आणि त्यांच्या ओसरीवर सोडलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी अक्षर गिरवलेलं नव्हतं. वडील जाताना म्हणाले, ‘पोट्टा शिकून राह्यला, जरा सांभाळा.’ मामा म्हणाले, ‘तसं नाई. अजून कुटी शिकला? शिकन तवा पाहू.’ वडील हसले. मला मात्र त्या क्षणापासून धसका बसला.

मामांचा मळा बडनेऱ्याच्या रस्त्याला लागून होता. पुढे घर, मागे विहीर आणि मोट, तिच्या पलीकडे वांगी, मेथी, मुळे. रस्त्याच्या कडेला त्यांनी बैलांसाठी दगडी हौद बांधला होता. ते दिवस कापसाचे होते. पहाटेपासून गाड्यांची रांग लागायची. धूळ आणि कापसाची पिसं उडून घरातल्या भाकरीवरसुद्धा बसायची. ज्याच्याकडे वीतभर जमीन होती त्यानं तिच्यात कापूस पेरला होता. आसपासच्या माळ्यांनी केळीच्या बागा मोडून कापूस लावला. मामांनी लावला नाही. याचं कारण मीच आहे, असं शेजारची काकू अजून म्हणते.

झालं असं, की शाळेत आम्हाला सांगितलं होतं: अमेरिकेत लढाई चालली आहे, तिथला कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आपल्या कापसाला एवढा भाव आला. मी मोठ्या उत्साहानं हे मामांना सांगितलं. वाटलं, आपल्या शिक्षणाचा घराला काही उपयोग होतोय.

मामा मुळे धूत होते. त्यांनी विचारलं, ‘पाह्यलं का तू?’

‘काय?’

‘अमेरिका.’

‘नाई मामा. ती लय दूर हाय.’

‘लढाई पाह्यली?’

‘नाई.’

‘मंग न पाह्यलेल्या लढाईसाठी मी माही वांगी उपटू?’

‘पाह्यलं का तू?’ हा त्यांचा दुसरा मंत्र. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते ते मानत नसत आणि न पाहता बोलणाऱ्याला सोडत नसत. भाजी विकतानाही तेच. गिऱ्हाइकानं वांगी मागितली की विचारायचे, ‘कशी करशीन?’ उत्तर पटलं नाही तर वांगी मिळत नसत. एका मोठ्या कापूसवाल्याचा गडी आला आणि म्हणाला, फोडी करून रस्सा करतो. मामांनी पाटी झाकली. ‘ही भाजाची वांगी हायत. रश्श्याची परवा निंगतीन, परवा ये.’ तो गडी दुप्पट पैसे देत होता. मला मागे उभं राहून लाज वाटत होती.

कलेक्टर कचेरीतल्या कारकुनापासून वाटसरूपर्यंत सगळ्यांना ते अरे-तुरे करत. मान द्यायचे फक्त एकीला. ती म्हणजे त्यांची कोंबडी. तिला ते ‘बाई’ म्हणत, आणि तिच्याशी बोलताना अहो-जाहो करत. ‘बाई आल्या का? बसा. सरका जराशा.’

बाई म्हातारी होती. अंडी द्यायचं तिनं केव्हाच बंद केलं होतं. काकू म्हणायची, ‘मामाची कोंबडी पिनशनीवर हाय.’ रंग म्हणाल तर तपकिरी, काळा, मध्येच राखी. तुरा एका बाजूला कललेला. एका पायाचं मधलं बोट अर्धं तुटलेलं. ती घरभर फिरायची. माझ्या अंथरुणावर, माझ्या पाटीवर, माझ्या ताटाशी. मी तिला हाकललं की मामा म्हणायचे, ‘तुह्याआधीपासून राह्यते ती इथं.’ हे खरं होतं, त्यामुळे मला आणखी राग यायचा.

आता जी गोष्ट सांगायला हवी ती मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं मी सोयीनं लिहीन अशी मला भीती वाटते.

एका सकाळी मी ओसरीवर बसून वऱ्हाडातल्या नद्यांची नावं वहीत चांगल्या अक्षरात उतरवत होतो. शाळेत वही दाखवायची होती. शेवटची ओळ राहिली होती. बाई आली, तिनं दऊत कलंडवली, शाईत पाय बुडवले आणि शांतपणे पानावरून चालत गेली. मी ओरडलो. खांद्यावरचा पंचा तिच्या अंगावर फेकला, पाय आपटले, हुश हुश केलं. ती अंगणातून रस्त्याकडे गेली. मी पान टिपत बसलो. थोड्या वेळानं रस्त्यावर कुणीतरी बैलांना हाक दिली. मी मान वर करून पाहिलं, तर कापसाची गाडी पुढे निघून गेली होती आणि मागे चाकोरीत बाई पडली होती. गाडीवानाला कळलंही नसावं.

मामा मोटेवर होते. मी जाऊन सांगितलं, बाई गाडीखाली आली. ते मोट तशीच सोडून आले. तिच्याजवळ बसले. तिच्या पंखावरची धूळ झटकली आणि म्हणाले, ‘रस्त्यावर कशी काय गेली?’

मी म्हणालो, ‘मले नाई मालूम.’

‘पाह्यलं नाई तू?’

‘नाई.’

त्यांनी तिला मेथीच्या वाफ्याशेजारी पुरलं. मी ती वही पेटीच्या तळाशी टाकली आणि दुसऱ्या वहीत नद्या पुन्हा लिहिल्या. पंच्याबद्दल मी बोललो नाही. उद्या सांगू, असं मनात होतं. मग तो उद्या लांबतच गेला.

तीनेक आठवड्यांनी मामा जेवता जेवता थांबले. ‘मले तिचा डोया दिसून नाई राह्यला,’ ते म्हणाले.

‘कोनाचा?’

‘बाईचा. तुरा दिसते, चाल दिसते. डोया नाई दिसत.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘तू लिवतं ना? मंग काढ तिले. त्या रस्त्याकडच्या भिंतीवर काढ. येताजाता दिसन.’

मी समजावून सांगायचा खूप प्रयत्न केला. लिहिणं वेगळं, चित्र काढणं वेगळं. मी जन्मात जिल्ह्याच्या नकाशाशिवाय काही काढलेलं नाही, आणि तो नकाशासुद्धा शेजारच्या मुलाच्या नकाशावरून. पण आमच्या लोकांत एकदा माणूस शाळेत गेला की त्याला सगळंच येतं अशी समजूत असते. घरी गेलो की वडील मला गाईच्या पोटावर हात ठेवून कालवड होईल की गोऱ्हा ते सांगायला सांगायचे. मामांची समजूत तीच, फक्त पक्की.

‘तसं नाई,’ ते म्हणाले. ‘अक्षर म्हंजे बी चित्रच हाय. तू रोज शंभर काढतं. एक कोंबडी नाई काढता येत?’

दोन महिन्यांनी अकोल्याला शिष्यवृत्तीची परीक्षा होती. ती मिळाली तरच पुढे मुंबईला जाता येणार होतं. मला ठाम नाही म्हणता आलं असतं. दुसरा कुणी असता तर म्हणालाही असता. मला त्या पंच्यामुळे नाही म्हणता आलं नाही.

भिंत पांढऱ्या मातीनं सारवली. काजळ, गेरू, हळद, चुना असे रंग केले. शिंदीची काडी ठेचून कुंचला केला. शाळेतून आलो की मी भिंतीपुढे, आणि माझ्यामागे मामा उकिडवे बसलेले. पहिली कोंबडी झाली तेव्हा काकू डोक्यावर पाटी घेऊन चालली होती. ती थांबली.

‘काय बाप्पा, मुंगूस काढलं का?’

‘तुले काय करा लागते?’ मामा म्हणाले. पण त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि भिंत पुसली.

दुसरी पुसली. तिसरी पुसली. चौथीत शेपटी बरी होती, ती ठेवून बाकीची पुसली, मग शेपटीही पुसली. मी रोज विचारायचो, ‘काय चुकलं ते तं सांगा.’

‘ते सांगता येत नाई. पन ही बाई नोहे.’

‘मंग मी कसं काढू?’

‘तिले आठव ना. दोन वर्सं तुह्या ताटातले दाने खाल्ले तिनं. डोक्यावर हात ठेवून सांग, तिचा डोया कसा व्हता?’

मला सांगता आलं नाही. पिवळा, म्हणालो. ‘तसं नाई,’ ते म्हणाले. ‘हयद अन गूळ यायच्या मधातला.’ मग स्वतःच म्हणाले, ‘असा व्हता वाट्टे.’ त्यांना स्वतःलाच खात्री नव्हती, आणि त्याचा राग ते माझ्यावर काढत होते.

तुटक्या बोटावरून तर भांडणच झालं. मामा म्हणाले, उजव्या पायाचं. काकू म्हणाली, ‘डावा व्हता ना बाप्पा, माह्या मिरच्या उकरे त्या पायानं.’

‘पाह्यलं का तू?’

‘मिरच्या माह्या, अन पाहन कोन?’

ती त्यांच्याशी बोलेनाशी झाली. भिंतीवर बोट उजव्या पायालाच तुटलं. मी डोक्यात गणितं घोळवत काडी फिरवत होतो. मला वाटायचं, हा माणूस माझं आयुष्य त्या भिंतीवर सारवून टाकणार.

अकरावी कोंबडी मात्र जमली. कशी जमली ते मला माहीत नाही. तुरा तेवढा राहिला होता. गेरूचा रंग मामांना विटकरीसारखा वाटत होता. ‘बाईचा तुरा गुंजीवानी लाल व्हता.’ मी कंटाळून वाण्याकडे गेलो, शेंदूर आणला, तेलात कालवला आणि तुऱ्यावर लावला. तुरा झळकला. मामा उभे राहून पाहत राहिले. ‘तसं नाई’ म्हणाले नाहीत. घरात गेले आणि पूर्वी बाईला टाकायचे तशी मूठभर ज्वारी आणून सवयीनं भिंतीच्या पायथ्याशी टाकली. मी हुश्श केलं. म्हटलं, संपलं एकदाचं. चिमण्या आल्या आणि ज्वारी टिपू लागल्या.

रस्त्याकडेची भिंत, तेलातला शेंदूर आणि पुढे धान्य टाकलेलं. त्यात ते दिवस मरीच्या साथीचे. गाड्यांच्या मुक्कामांवर माणसं पटकीनं जात होती. यातून काय होईल हे चार बुकं शिकलेल्या मला कळायला हवं होतं. काकूला पहिल्याच दिवशी कळलं, पण ती अजून रुसलेली होती.

आधी एक गाडीवान नुसते हात जोडून गेला. मग हळदकुंकू दिसू लागलं. मग नारळ. मामा ते उचलून रस्त्यापलीकडे ठेवून यायचे. लोक परत इकडे आणून ठेवायचे. आणि एका सकाळी भिंतीखाली रक्त होतं, पिसं होती आणि कोंबड्याचं मुंडकं होतं. मरीआईला कोंबडं देतात तसं कुणीतरी बाईच्या पुढ्यात कोंबडं दिलं होतं.

मामा पाण्याची कळशी घेऊन आले होते. ती खाली ठेवून ते तिथेच बसले. त्या दिवशी त्यांनी भाजी तोडली नाही. गिऱ्हाइकं येऊन गेली, कुणालाही ‘कशी करशीन’ विचारलं नाही.

संध्याकाळी मी म्हणालो, ‘मामा, पुसून टाकतो.’

‘पुसली का मंग माह्या डोयापुढून बी जाईन,’ ते म्हणाले. ‘अन नाई पुसली तं तिच्या पुढ्यात तिचेच भाऊबंद कापतीन.’

 ते इतकं बोलून ‘तसं नाई’ म्हणाले नव्हते, याचंच मला भय वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळीच अकोल्याकडच्या सात-आठ गाड्या हौदाशी थांबल्या. त्यांचा पुढारी एक उंच, पिकल्या मिशांचा गाडीवान होता. त्याच्या हातात पाय बांधलेली कोंबडी, कमरेला सुरी. मामा धावत भिंतीपुढे जाऊन उभे राहिले.

‘ही देवी नोहे,’ ते म्हणाले. ‘ही माही कोंबडी हाय. गाडीखाली मेली.’

गाडीवानानं हात जोडले. ‘देवी तुमच्या घरी कोंबडीच्या रूपानं राह्यली, असं म्हना ना बाप्पा. लाजता कायले?’

‘तसं नाई.’

‘अन गाडीखालीच काऊन गेली? आमा गाडीवानायवरचं संकट आपल्या अंगावर घेतलं तिनं.’

मामांनी आधाराला इकडे-तिकडे पाहिलं. मी त्यांना असं पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. ‘या पोट्ट्यानं काढली ही. इचार त्याले.’

गाडीवानानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. ‘तुमी चितारी का?’

‘नाई. कुनबी.’

‘मंग तुमाले काढता कशी आली?’

खरं सांगायचं तर याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दहा कोंबड्या बिघडल्या आणि अकरावी जमली, एवढंच मला ठाऊक होतं. मी घुटमळलो. ‘पाहा ना,’ गाडीवान मागच्यांना म्हणाला, ‘देवीनंच हात धरला त्याचा.’ सगळ्यांनी माना हलवल्या. मला भिंतीत शिरावंसं वाटलं.

मग गाडीवानाचा आवाज उतरला. ‘मांगच्या मुक्कामाले आमचा एक मानूस गेला. सकायी चांगला व्हता, दुपारी गेला. रिकाम्या हातानं आमी पुढी नाई जात. कोंबडी घेत नाई म्हंता, तं मंग देवी घेते काय?’

मामांनी भिंतीकडे पाहिलं. ‘जवारी घेते.’

‘देवी जवारी घेते? तुमी पाह्यलं का?’

 तो त्यांचाच प्रश्न होता, आणि न पाहिलेलं ते कधी बोलत नसत.

‘पाह्यलं,’ मामा म्हणाले. ‘रोज पाह्यलं. मूठभर घेते. जादा टाकली तं पायानं उधयून देते.’

‘अन ही कोंबडी?’

‘पाय सोड अगुदर तिचे. इथं बांधलेली चालत नाई.’

गाडीवानानं सुरीनं दोरी कापली. कोंबडी फडफडत मेथीत शिरली. त्यानं बैलांच्या तोबऱ्यातून मूठभर ज्वारी काढून भिंतीखाली ठेवली आणि डोकं टेकवलं. त्याच्यामागे सगळ्यांनी ठेवली. निघताना त्यानं प्रसाद मागितला. मामांकडे द्यायला काही नव्हतं. त्यांनी पाटीतली वांगी उचलली आणि विचारलं, ‘कशी करशीन?’

‘कशी करतो बाप्पा, इस्तवावर भाजतो अन मीठ लावतो.’

‘ने,’ मामा म्हणाले आणि चार वांगी जास्त घातली.

त्यांचा एकही शब्द खोटा नव्हता, हे मला ओसरीवर परत येऊन बसल्यावर कळलं.

यानंतर माझे हाल सुरू झाले. दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी कोंबडी सोडून जायचं. परीक्षेला पंधरा दिवस उरले तेव्हा घरात नऊ कोंबड्या आणि तीन कोंबडे होते. ज्वारीमुळे उंदीर आले. मी भूमितीची आकृती काढायला बसलो की एक लाल कोंबडा माझ्या पेटीवर चढून आरवायचा. मी मामांना म्हणालो, मी नापास होईन. ते म्हणाले, ‘तसं नाई. तो आरवते म्हून तू जागा हायस.’ मी पाय आपटत मळ्यात गेलो. पण एकाही कोंबडीला हाकललं नाही. हात उचलायचा आणि परत खाली यायचा.

अकोल्याला मी कापसाच्या गाडीवर बसून गेलो. मूर्तिजापूरच्या मुक्कामाला एक म्हातारा गाडीवान सांगत होता, की अमरावतीजवळ भिंतीतून एक देवी आपोआप उमटली आहे, ती रक्त घेत नाही, नुसती ज्वारी घेते. मी म्हणालो, ‘आपोआप नाही उमटली हो. ती मीच काढली.’ सगळे पोट धरून हसले. म्हातारा मायेनं म्हणाला, ‘ऊन लागलं पोराले. पानी द्या.’ मी पाणी प्यायलो.

परीक्षेत मला शिष्यवृत्ती मिळाली. मामांना सांगितलं. ते म्हणाले, ‘कागद दाखव.’

मुंबईला आल्यावर पहिल्या वर्षी मी वऱ्हाडात जाऊ शकलो नाही. दुसऱ्या वर्षी पेटी साफ करताना तळाशी ती जुनी वही सापडली. नद्यांचं पान उघडलं. इतके दिवस मला तो शाईचा घाण फराटा म्हणूनच आठवत होता. तसं नव्हतं. पावलं होती. तीन बोटं पुढे, एक मागे. स्वच्छ, एकामागे एक, खालच्या कोपऱ्यापर्यंत. अकरा वेळा भिंत सारवून मी जे काढत होतो, ते तिनं स्वतःच माझ्या वहीत काढून ठेवलं होतं.

सुट्टीत मी गेलो. आता रेल्वे बडनेऱ्यापर्यंत आली आहे. तिथून चालत निघालो. लढाई संपली होती, कापसाचा भाव बसला होता, रस्त्यावर गाड्या तुरळक होत्या. केळी मोडलेल्या मळ्यांत पुन्हा केळी लागत होती. मामांची भिंत दुरूनच दिसली. इतक्या लोकांनी इतका शेंदूर लावला होता, की कोंबडी त्याखाली गेली होती. शेपटी नव्हती, पाय नव्हते. लाल फुगीर गोळा, आणि त्यात कुणीतरी बसवलेले दोन चांदीचे डोळे.

मामा ओसरीवर होते. वाळले होते. मी वाकून नमस्कार केला आणि कसे आहात म्हणून विचारलं. ते म्हणाले, ‘लय पुनेरी बोलून राह्यला.’ मग भिंतीकडे हात करून म्हणाले, ‘ते डोये पाह्यले? चांदीचे. बाईचे असे व्हते का? लोकायले सांगून सांगून थकलो. अन आता काय झालं, मी डोये मिटले तं मले बी तेच दिसतेत.’

मी वही काढली आणि पान उघडून त्यांच्या मांडीवर ठेवलं.  त्यांनी पान डोळ्यांजवळ नेलं, लांब धरलं. मग त्यांचं बोट एका पावलावर थांबलं. मधलं बोट अर्धंच होतं. पुढच्या पावलात पुरं, त्याच्या पुढच्यात पुन्हा अर्धं.

‘डावा,’ ते म्हणाले.

मी मान हलवली.

‘कागद उलटा देल्ला तू.’ त्यांनी पान फिरवलं. फिरवूनही डावाच राहिला. पलीकडच्या अंगणात काकू मिरच्या वाळवत होती. मामांनी तिकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा पान सरळ केलं.

‘खाली काय लिवलं हाय?’

‘नद्या. आपल्या वऱ्हाडातल्या.’

‘वाच.’

मी वाचू लागलो आणि ते पावलांवरून बोट फिरवू लागले. वर्धा. चंद्रभागा. पेढी. ‘पेढीवर पाय देल्ला तिनं?’ ‘हो.’ ‘वलगावची नदी,’ ते म्हणाले. मग पूर्णा, काटेपूर्णा, मोर्णा. मोर्णेपाशी पावलं कोपऱ्यातून बाहेर गेली होती.

‘मंग कुटी गेली?’

मुंबईहून निघताना मी हेच सांगायचं ठरवून निघालो होतो. ‘मामा,’ मी म्हणालो, ‘हे त्याच सकायचं पान हाय. शाई सांडली म्हून मी तिच्यावर पंचा फेकला. हाकललं तिले. म्हून ती रस्त्यावर गेली. तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो.’

मामांचं बोट पानाच्या कोपऱ्यावरच राहिलं. त्यांनी उठून जावं, मला घालवून द्यावं, काहीही करावं, एवढंच माझ्या मनात होतं.

‘तसं नाई,’ ते म्हणाले.

‘मामा, मी स्वतः...’

‘तुह्या हुशहुशीनं ती कधी हालली व्हती का? दोन वर्सं हाकलत व्हता. हालली का एक दिवस? बडनेऱ्याच्या पहिल्या गाड्या हौदावर थांबल्या का ती निंगे. रोज. शेनातले दाने येचाले. तू तवा वहीत डोक्स घालून बसला राहे. पाह्यलं का तू कधी?’

नव्हतं पाहिलं.

पण मामा त्या वेळी रोज मोटेवर असत आणि मोटेवरून रस्ता दिसत नाही. मध्ये घर येतं. हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. मी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तीन वर्षांत त्यांना पकडायची एवढी चांगली संधी मला कधी मिळाली नव्हती.

त्यांनी बोट परत पानाच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं.

‘पुन्यांदा वाच,’ ते म्हणाले. ‘वर्धेपासून. अन सावकाश. ती म्हातारी व्हती.’